रोजची तोळाभर चुनखडी

शाळेत आपण सर्वांनीच एक प्रयोग केलेला असतो. परीक्षानळीत चुन्याची स्वच्छ निवळी घ्यायची, तिच्यात काचेची नळी बुडवायची आणि हलकेच फुंकर घालत राहायचं. बघता बघता निवळी दुधाळ होते. गुरुजी सांगतात, आपल्या उच्छ्वासात कर्बद्विप्राणिद, म्हणजे हल्लीच्या पुस्तकांतला कार्बन डायऑक्साइड वायू असतो. त्याचा चुन्याशी संयोग होऊन चुनखडीची बारीक भुकटी तयार झाली, म्हणून पाणी दुधासारखं दिसलं. मुलं वहीत लिहून घेतात, घंटा होते आणि तास संपतो.

मी जवळजवळ चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. माझ्या वर्गात हा प्रयोग मी तिथं थांबवत नसे. उपकरणातून तोच वायू आणखी काही वेळ सोडत राहिलं, तर ते दूध हळूहळू नाहीसं होतं आणि नळीतलं पाणी पुन्हा निवळ दिसू लागतं. मुलांचे डोळे विस्फारायचे. चुनखडी गेली कुठं? ती कुठंच गेलेली नसते. जादा वायूमुळे पाणी किंचित आंबट होतं आणि त्या पाण्यात चुनखडी विरघळून कॅल्शियम बायकार्बोनेट होते. वायू निघून गेला, की चुनखडी पुन्हा खाली बसते. आज मी जे सांगणार आहे, ते सगळं या प्रयोगाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर उभं आहे. सेवानिवृत्तीनंतर हा अर्धा भाग मला लेकीच्या घरी, बैठकीच्या खोलीत पुन्हा भेटला.

माझी लेक आणि जावई जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या काठी एका गावात राहतात. त्यांच्याकडे दीड मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच अशी एक काचेची पेटी आहे. पेटीत समुद्रासारखं खारं पाणी, थोडे मासे आणि प्रवाळ आहेत. हे प्रवाळ म्हणजे अंगठीत बसवायचं पोवळं नव्हे. त्याचे हे दूरचे जातभाई. समुद्रात मोठमोठे खडक बांधणारे हे लहान लहान प्राणी. दुसऱ्या हौशी मंडळींच्या पेट्यांत वाढलेल्या प्रवाळांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणून लेकीनं सात वर्षांत त्यांची झुडपं केली होती.

मी तिथं पोचलो तेव्हा त्यांतली निम्मी झुडपं पांढरी, निर्जीव होऊन गेली होती. झालं होतं असं, की प्रवाळांना चुना पुरवणारं एक लहानसं जुनं यंत्र त्यांनी कुणाकडून तरी घेतलं होतं. दोघं दोन दिवस बाहेरगावी गेली असताना त्या यंत्राच्या वायूचा दाब अचानक वाढला. परत येऊन पाहतात तो मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताहेत आणि पाण्याची मोजमापं पार बिघडलेली. मासे वाचले, पण आठवड्याभरात प्रवाळांची शेंडं जळाल्यासारखी झाली आणि बुंध्याकडून कातडी सुटू लागली. लेक मला म्हणाली, "बाबा, नवं यंत्र घ्यायचं तर कोणतं आणि केवढं, हे मला कळत नाही. दुकानात जो तो वेगळं सांगतो. नाहीतर पेटीच बंद करते." मी म्हटलं, "पेटी बंद करायची की नाही ते मागाहून ठरवू. आधी प्रवाळ रोज खातात किती, ते मोजू या."

श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणाचं सार एवढंच आहे. पण ते मोजायचं कसं आणि मोजल्यावर त्याचं करायचं काय, हे सांगण्यासारखं आहे.

प्रवाळ आपला सांगाडा चुनखडीचा बांधतात. त्यासाठी ते पाण्यातून दोन वस्तू घेतात. एक कॅल्शियम आणि दुसरी बायकार्बोनेट. समुद्राच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम असतं. बायकार्बोनेट आणि त्याच्या भावंडांचा साठा आपण 'अल्कता' या मापानं मोजतो. पाणी किती आम्ल पचवू शकेल, याचं ते माप. मत्स्यपालक मंडळी ते जर्मन पद्धतीच्या अंशांत सांगतात. समुद्रात ही अल्कता सात ते आठ अंश असते. एक अंश म्हणजे दर लिटरमागे १७.८६ मिलिग्रॅम चुनखडी, हा आकडा लक्षात ठेवा. पुढं तो लागणार आहे.

समुद्रात पाणी अथांग, त्यामुळे प्रवाळांनी कितीही घेतलं तरी खडकाभोवतीचं पाणी बदलत राहतं. पेटीत तसं नाही. तिथं घडाभर धान्यावर कुटुंब चालवण्यासारखं आहे. रोज जेवढं खर्च होतं तेवढं रोज भरलं पाहिजे. कमी भरलं तर वाढ खुंटते, जास्त भरलं तर प्रवाळ पोळतात, आणि आज कमी उद्या जास्त असं झालं तर ते सर्वांत वाईट.

आम्ही मोजमापाला बसलो. पहिलं माप पाण्याचं. पेटीची लांबी, रुंदी, उंची गुणली की ५४० लिटर येतात. पण पेटी काठोकाठ भरत नाहीत, आणि आत दगड, वाळू असते. शिवाय खाली कपाटात गाळणीची दुसरी टाकी असते, तिचं पाणीही धरायला हवं. वजाबाकी-बेरीज करून खरं पाणी ५०० लिटर निघालं. हिशेब नेहमी खऱ्या पाण्याचा करावा, काचेचा करू नये.

दुसरं माप रोजच्या खर्चाचं. दोन दिवस आम्ही चुन्याचा सगळा पुरवठा बंद ठेवला. रोज सकाळी ठरल्या वेळी पाण्याचा नमुना घेऊन अल्कता काढली. साधी तपासणी आहे. नमुन्यात औषधाचे थेंब मोजून टाकायचे आणि निळं पाणी पिवळं झालं की थांबायचं. पहिल्या सकाळी नऊ अंश आले, दुसऱ्या सकाळी ७.६ आणि तिसऱ्या सकाळी ६.२. म्हणजे रोजचा खर्च १.४ अंश. निम्मी झुडपं गेल्यावरही उरलेल्या मंडळींची भूक एवढी होती.

जावईबापूंनी एक चांगला प्रश्न विचारला. "यंत्राचं नाव कॅल्शियमचं, मग आपण अल्कता का मोजायची? सरळ कॅल्शियमच का मोजू नये?" त्याचं कारण असं. चुनखडी बांधताना अल्कता एक अंशानं उतरली, तर कॅल्शियम लिटरमागे फक्त सात मिलिग्रॅमनं उतरतं. आमच्या हिशेबात रोज दहा मिलिग्रॅम. ४२० मधले दहा गेले की नाही, हे घरगुती तपासणीत नीट कळत नाही. तेवढी चूक त्या तपासणीतच असते. अल्कता मात्र आठातून दीड गेली तर लगेच दिसते. कोठारातलं धान्य मोजण्यापेक्षा डब्यातलं मीठ मोजणं सोपं, तसं हे आहे.

आता गुणाकार करू. ५०० लिटर पाणी, रोज १.४ अंश, म्हणजे ७०० अंश-लिटर. त्याला १७.८६ नं गुणलं की साडेबारा हजार मिलिग्रॅम, म्हणजे साडेबारा ग्रॅम चुनखडी येते. आपल्या जुन्या मापानं एक तोळ्याहून थोडी अधिक. वर्षाची साडेचार किलो. पेटीतले ते इवलेसे जीव रोज तोळाभर दगड बांधत होते. लेक म्हणाली, "बाबा, हे आधी कुणी सांगितलं असतं तर!"

तोळाभर चुनखडी रोज पाण्यात पोचवायची कशी? मार्ग चार आहेत, आणि यंत्र हा त्यांतला शेवटचा. पहिल्या तिघांवर ज्यांचं भागतं त्यांनी यंत्राच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला मार्ग पाणी बदलण्याचा. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून नवं खारं पाणी घालायचं. नव्या पाण्याची अल्कता तीन अंशांनी जास्त असली, तरी साऱ्या पेटीला आठवड्यात तीनदशांश अंश मिळतो. आम्हाला रोज १.४ हवा. थोड्याच प्रवाळांच्या, लहान पेटीला मात्र हा मार्ग पुरतो.

दुसरा मार्ग आपल्या ओळखीचा, चुन्याच्या निवळीचा. १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी प्रवाळांच्या पेट्यांसाठी या निवळीचा प्रसार केला. पेटीतलं जेवढं पाणी उडून जातं तेवढी निवळी थेंब थेंब घालायची. ही स्वस्त, स्वच्छ आणि गुणकारी. पण उडालेल्या पाण्यापेक्षा जास्त घालता येत नाही, कारण पेटी भरून वाहील. आमच्या पेटीतून रोज चार लिटर पाणी उडत असे. तेवढ्या पूर्ण मुरलेल्या निवळीतून ०.९ अंश मिळतो. अर्धा अंश कमीच पडतो. आणि झुडपं वाढली की तूट वाढत जाणार.

तिसरा मार्ग दोन बाटल्यांचा. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड आणि दुसरीत खाण्याचा सोडा, दोन्ही पाण्यात विरघळवून निरनिराळ्या वेळी घालायचे. लहान आणि मध्यम पेट्यांना हा उत्तम. माप अचूक देता येतं आणि वायूची धास्ती नाही. पण आमच्या ७०० अंश-लिटरांना रोज २१ ग्रॅम सोडा आणि सुमारे १८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड लागलं असतं. या दोघांपासून चुनखडी झाल्यावर मागं उरतं ते साधं मीठ, रोज साडेचौदा ग्रॅम. वर्षाला पाच किलोंहून अधिक. ५०० लिटर समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून साडेसतरा किलो असतात, हे पाहिलं म्हणजे पाच किलो मीठ काही थोडं नव्हे. पाणी बदलून ते काढत राहावं लागतं.

चौथा मार्ग कॅल्शियम रिॲक्टरचा. रिॲक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं तुर्भ्याची अणुभट्टी येते, १९५६ साली सुरू झालेली 'अप्सरा' आठवते. हा रिॲक्टर तसा भारदस्त नाही. हातभर उंचीचं एक बंद नळकांडं, त्यात मेलेल्या प्रवाळांचे खडे भरलेले. पेटीतलं पाणी थोडं थोडं आत येतं, एक पंप ते आतल्या आत खड्यांमधून फिरवत राहतो, आणि बाजूच्या सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडले जातात. पाणी आंबट होतं, खडे विरघळतात आणि चुन्यानं संपन्न झालेलं पाणी दुसऱ्या नळीनं थेंब थेंब पेटीत परत जातं. परीक्षानळीतलं दूध निवळतं, तोच हा प्रयोग. यात एक मोठी सोय आहे. मेलेल्या प्रवाळांनी ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधला, त्याच प्रमाणात ते परत मिळतं. मागं मीठ उरत नाही. ही युक्ती रुजली तीसुद्धा जर्मनीतल्या हौशी मंडळींत.

आता केवढं यंत्र घ्यायचं? दुकानातल्या खोक्यावर लिहिलेलं असतं, 'एक हजार लिटरपर्यंत'. हे वाक्य अपुरं आहे. एक हजार लिटरांत मऊ प्रवाळ असतील तर त्यांना चुना फारसा लागतच नाही. तीनशे लिटरांत कठीण प्रवाळांची दाट झाडी असेल तर त्यांना दुप्पट लागेल. माणसाला भाकरी किती लागेल हे त्याच्या घराच्या चौरस फुटांवरून ठरवण्यासारखं आहे हे. खोका पाहून यंत्र घेतलं, की चुना प्रवाळांना लागण्याऐवजी आपल्यालाच लागतो.

खरा हिशेब असा. यंत्रातून बाहेर येणाऱ्या पाण्याची अल्कता २८ अंश ठेवायची असं ठरवू. पेटीतली ८. म्हणजे यंत्रातून येणारं प्रत्येक लिटर पेटीला २० अंश-लिटर देतं. आपल्याला हवेत ७००. सातशे भागिले वीस, म्हणजे रोज ३५ लिटर, मिनिटाला सुमारे २४ मिलिलिटर. हा आकडा हातात आला की दुकानदाराला विचारायचा प्रश्न बदलतो. 'हे किती लिटरच्या पेटीला चालतं?' असं विचारायचं नाही. 'मिनिटाला २४ मिलिलिटर पाणी २८ अंशांनी सतत देईल का, आणि उद्या त्याच्या दुप्पट मागितलं तर देईल का?' असं विचारायचं. दुप्पट अशासाठी, की प्रवाळ वाढतात. आजच्या मापाचा सदरा मुलाला दिवाळीपर्यंत पुरत नाही. आम्ही रोज पंचवीस ग्रॅमचा अंदाज धरून यंत्र निवडलं.

यंत्र लहान पडलं तर काय होतं, हे लेकीनं अनुभवलंच होतं. लहान नळकांड्यातून जास्त चुना काढायचा तर वायू जास्त सोडावा लागतो. आतलं पाणी फार आंबट झालं की खडे विरघळण्याऐवजी त्यांचा चिखल होतो, वाटा तुंबतात आणि पाण्याचा प्रवाह मंदावतो. याउलट यंत्र थोडं मोठं असेल तर बिघडत नाही. किती चुना बाहेर यावा हे नळकांड्याचा आकार ठरवत नाही. पाण्याची धार आणि वायूचे बुडबुडे ठरवतात. थोडी जादा जागा आणि थोडे जादा पैसे, एवढाच तोटा.

खड्यांचा हिशेबही करून ठेवावा. आमच्या यंत्रात पाच किलो खडे मावतात. त्यांचा तिसरा हिस्सा विरघळला की नवे भरायचे, असं ठरवलं. रोज साडेबारा ग्रॅम या दरानं ते साडेचार महिन्यांनी येतं. खडे हरभऱ्याएवढे किंवा त्याहून मोठे घ्यावेत, बारीक वाळू घेऊ नये. ती लवकर गच्च होते. आणि ते आधी गोड्या पाण्यात खळखळून धुवावेत.

आता वायूकडे येऊ. सगळी भीती आहे ती इथंच. शंभर ग्रॅम चुनखडी विरघळायला ४४ ग्रॅम वायू लागतो. आमच्या साडेबारा ग्रॅमना साडेपाच ग्रॅम. पण थोडा वायू काम न करता पाण्याबरोबर तसाच निघून जातो, म्हणून दीडपट धरावा. रोजचे आठ ग्रॅम झाले. दोन किलोंचा सिलिंडर आठ महिने चालेल.

सिलिंडरवर दाबाचं घड्याळ असतं, पण ते पाहून आत किती वायू उरला ते कळत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅससारखंच आहे. आत द्रव असतो तोवर वरचा दाब तेवढाच राहतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब २० अंश तापमानाला हवेच्या दाबाच्या सुमारे ५७ पट असतो, सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला असो. द्रव संपला की मात्र दाब झपाट्यानं उतरतो. साधा, एका टप्प्याचा रेग्युलेटर असेल तर नेमक्या त्याच वेळी पुढचा दाब वाढतो आणि बुडबुड्यांची धार लागते. लेकीच्या घरी त्या दोन दिवसांत हेच झालं होतं. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. दोन टप्प्यांचा रेग्युलेटर घेतला, आणि सिलिंडर महिन्यातून एकदा वजनकाट्यावर ठेवायचा असा नियम केला. वजन ठरल्या आकड्याखाली गेलं की थोडा वायू शिल्लक असतानाच बदलायचा. शेवटच्या छटाकभर वायूचा लोभ धरू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे पहारेकरी. नळकांड्यात पाण्याचा आंबटपणा मोजणारी एक काडी बसवतात आणि तिला विजेची झडप जोडतात. आतला पीएच ६.५ च्या खाली गेला की झडप वायू बंद करते. नेहमीचं काम ६.५ ते ६.७ च्या दरम्यान चालतं. ही काडी महिन्या-दोन महिन्यांनी ठरलेल्या द्रावणात तपासून घ्यावी लागते, कारण खोटं बोलणारा पहारेकरी नसलेल्यापेक्षा वाईट. वायूच्या नळीत पाणी उलट येऊ नये म्हणून एकाच बाजूनं उघडणारी झडपही हवी. सिलिंडर उभा ठेवून भिंतीला साखळीनं बांधावा, आणि खोलीत हवा खेळती असावी. हा वायू हवेहून जड आहे, बंद कपाटात तळाशी साचतो.

चौथी गोष्ट पाण्याच्या धारेची. पुष्कळ जण लहान तोटी किंचित उघडून थेंब पाडतात. चुन्यानं ती तोटी बुजत जाते आणि आज २४ मिलिलिटर असलेली धार पुढच्या आठवड्यात दहावर येते. त्याऐवजी रबरी नळी चाकाखाली दाबत दाबत पाणी ढकलणारा पंप घ्यावा. डायलिसिसच्या यंत्रात रक्त फिरवणारा पंप याच जातीचा असतो. त्यानं धार दिवसेंदिवस तीच राहते. आमच्या सगळ्या खर्चातला हा खर्च मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

यंत्र सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट करायला हवी. रिॲक्टर कॅल्शियम आणि अल्कता ठरलेल्या प्रमाणातच देतो. त्यामुळे तो चालू घडी टिकवतो. विस्कटलेली घडी बसवत नाही. एक कमी आणि एक जास्त असेल तर आधी वेगळे क्षार घालून दोन्ही समुद्राच्या मापावर आणावीत, मग यंत्र लावावं. मॅग्नेशियमही महिन्यातून एकदा पाहावं. समुद्रात ते लिटरमागे सुमारे १,३०० मिलिग्रॅम असतं, आणि प्रवाळ थोडं थोडं तेही घेतात.

सुरुवात निम्म्या धारेनं केली. रोज सकाळी त्याच वेळी अल्कता पाहून वहीत लिहायची, आणि एका वेळी एकच तोटी हलवायची, दोन नाही. पाण्याची धार बदलली तर वायू दोन दिवस तसाच. अल्कता दिवसात एका अंशाहून जास्त चढू द्यायची नाही. बाराव्या दिवशी आकडा ८.१ वर आला आणि तिथं राहिला. एक अडचण उरली. यंत्रातला थोडा वायू पेटीत येतो आणि रात्री पाण्याचा पीएच उतरतो. त्यासाठी पहिल्या नळकांड्यामागं दुसरं लहान नळकांडं खड्यांनी भरून जोडलं. उरलेला बराचसा वायू तिथल्या खड्यांवर खर्ची पडतो. उडालेल्या पाण्याच्या जागी रात्री थोडी निवळीही घालू लागलो. निवळी पाण्यातला जादा वायू शोषून घेते. माझ्या वर्गातला प्रयोगाचा पहिला भाग आणि दुसरा भाग एकाच पेटीवर कामाला लागले, याची मला मोठी गंमत वाटली.

इथं एक सूचना केल्यावाचून पुढं जाता येत नाही. ही सगळी हकिकत जर्मनीतल्या पेटीची आहे. आपल्याकडे खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ सालापासून वाघाच्या बरोबरीचं संरक्षण मिळालेलं आहे. ते तोडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवरही आहेत. कुणी बोटवाला हौसेनं तुकडा काढून देऊ लागला तर हात मागं घ्यावा. तिथं त्यांना चुना पुरवायला आपली गरज नाही.

गरज नाही असं म्हणालो खरा, पण ते म्हणताना मन थोडं कचरतं. यंत्रोद्योग वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. आपण जो धूर सोडतो त्यातला सुमारे पाव हिस्सा वायू समुद्र पिऊन टाकतो, आणि पृष्ठभागावरच्या पाण्याचा पीएच ८.२ वरून ८.१ वर आलेला आहे. फरक लहान दिसतो, पण प्रवाळांना चुनखडी बांधायला तेवढ्यानंही अवघड जातं. त्या नळकांड्यात मी जे मुद्दाम करत होतो, तेच समुद्रात फार सावकाश चाललं आहे. आमच्या यंत्राला ६.५ वर बंद होणारी झडप होती. समुद्राच्या सिलिंडरची झडप आपल्या सगळ्यांच्या हातात आहे, आणि ती अजून पुरती बंद करायला आपण शिकलेलो नाही.

मी परत आलो त्याला आता वर्ष झालं. लेक दर रविवारी वहीतले आकडे कळवते. परवा म्हणाली, "बाबा, रोजचा खर्च १.९ अंशांवर गेला." मी कागद घेऊन हिशेब केला. ९५० अंश-लिटर, भागिले वीस, म्हणजे साडेसत्तेचाळीस लिटर, मिनिटाला ३३ मिलिलिटर. पंपाचा आकडा तेवढा वाढवायला सांगितला, आणि वायू दोन दिवस तसाच ठेवायला. तोळ्याचा आता दीड तोळा झाला होता. उरलेली झुडपं वाढताहेत, याचा याहून चांगला पुरावा मला नको होता.